नखाला लागणारा हिरा

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आले. नऊच्या नऊ खडे आले.

सकाळी साडेसातलाच मी त्सोलच्या, म्हणजे इथल्या जर्मन कस्टम्सच्या, ऑफिसबाहेर उभी होते. हेर वेंडेल सोबत होते. लायसन्स त्यांचं, हिरे कापायचं वर्कशॉपही त्यांचंच, मी ऑगस्टपासून त्यांच्याकडे कामाला आहे. वय एकाहत्तर, आणि दिवसभरात साधारण एकाहत्तरच शब्द बोलतात. ऑफिसमधल्या बाईंनी सील तोडलं, किंबर्ली सर्टिफिकेट बघितलं, वजन केलं, शिक्का मारला. वीस मिनिटांत सगळं संपलं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल.

सर्टिफिकेटवर देशाचं नाव असतं, सिएरा लिओन, मग एकूण वजन आणि किंमत. बास. म्हणजे या खड्यांच्या पैशातून कुठल्या बंडखोरांनी बंदुका घेतल्या नाहीत, एवढीच गॅरंटी. कोणी खणला, त्याला काय मिळालं, तो दुपारी जेवला का, यावर एक ओळ नाही. म्हणून तर मी खणणाऱ्याच्या नावासकट हिरे विकायचं हे सगळं करतेय. आई फोनवर विचारते, "मास्टर्स करून तू सोनाराच्या दुकानात का बसलीस?" आई, मी बसले नाहीये, मी सिस्टिम बदलतेय.

तिकडच्या कोनो जिल्ह्यातल्या, खणणाऱ्यांच्याच को-ऑपरेटिव्हचा सेक्रेटरी साहर याने प्रत्येक खडा वेगळ्या कागदाच्या पुडीत बांधलाय. आपल्याकडे सोनार बांधतो अगदी तशीच पुडी. वर निळ्या पेनाने खणणाऱ्याचं नाव आणि कॅरटमध्ये वजन. फोटो पण पाठवलेत, मी इन्स्ट्रक्शन्स दिल्या होत्या तसेच: पुडी छातीशी धरा, कॅमेऱ्यात बघा, हसा. आठ जण हसतायत. एक बाई हसत नाहीये. पुडीवर लिहिलंय, फिंडा, १.१२.

१२ ऑक्टोबर, रविवार

लुडविग्सहाफेनला भास्करकाकांकडे जेवायला गेले. काका बाबांचे कॉलेजमधले मित्र, इथल्या केमिकल प्लांटमध्ये तीस वर्षं केमिस्ट. ट्रेनऐवजी निम्म्या रस्त्यात एर्झाट्सबस होती, त्यामुळे दोन तासांचे साडेतीन झाले. मालिनीकाकूंनी वरणभात परत गरम केला.

बातमी अशी की त्यांची स्वराली साखरपुडा करतेय. मुलगा योनास, तिच्याच ऑफिसमधला. तेरा डिसेंबरला. आणि स्वरालीला अंगठी हवीय ती माझ्याकडून. माझी पहिली ऑर्डर.

काका म्हणाले, "अगं, हिरा म्हणजे कार्बन. आता लॅबमध्ये होतो. एक दशांश किंमत, खून नाही, मारामारी नाही. शुद्ध मामला."

मी म्हटलं, "काका, सगळ्यांनी लॅबचा घेतला तर फिंडाने काय करायचं?"

"कोण फिंडा?"

मी फोनवर फोटो दाखवला. तिथे पूर्वी कसं चालायचं ते सांगितलं. एक सावकारासारखा माणूस खणणाऱ्यांना फावडी देणार, दिवसाला दोन कप तांदूळ देणार, आणि खडा सापडला की तो म्हणेल त्या भावाला त्यालाच विकायचा. फिंडा आणि तिच्या दोन जावा आता को-ऑपरेटिव्हमध्ये आहेत, खड्डा त्यांचा, चाळण्या त्यांच्या.

"अहो, ऐका जरा, पोरगी शिकवतेय तुम्हाला," काकू म्हणाल्या.

स्वरालीला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मन. तिने फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "हो. हिचाच." आणि अंगठीच्या किमतीवर वेगळे दोनशे युरो थेट फिंडाला जायला हवेत, ही तिची अट. योनास म्हणाला, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. तो दर वेळी तेवढंच म्हणतो, पण मनापासून म्हणतो.

परत येताना बसमध्ये मी एकटीच हसत होते.

१९ ऑक्टोबर, रविवार

हॅप्पी दिवाळी टू मी. आज आमचं वेबपेज लाइव्ह गेलं.

ओजस हायडेलबर्गहून आला होता. फिजिक्समध्ये पीएचडी करतो आणि पेज फुकट बनवून देतो, कारण त्याला म्हणे ट्रेसेबिलिटीमध्ये इंटरेस्ट आहे. या महिन्यात तिसऱ्यांदा एर्झाट्सबस घेऊन आला, म्हणजे इंटरेस्ट असणारच. येताना चिवडा पण आणला.

लाँचसाठी फोटो हवा होता. त्याने दोन-तीन बोरिंग आयडिया दिल्या. मग माझ्या डोक्यात आलं, दिवाळी आहे, रांगोळी काढू. हेर वेंडेलच्या काळ्या मखमलीवर मी नऊ खड्यांचं कमळ काढलं, मध्ये एक, भोवती आठ पाकळ्या. प्रत्येक पाकळी साइझने मॅच होईपर्यंत मी खडे इकडचे तिकडे केले. अर्धा तास लागला, पण इतकं सुंदर दिसलं. कच्चे हिरे तसे काचेच्या घासलेल्या तुकड्यासारखे असतात, पण एकत्र ठेवल्यावर त्यांच्यात काहीतरी येतं. खाली ओजसने लिहिलं, प्रत्येक खड्यामागे एक नाव. तीनशे चाळीस लाइक्स.

मग सहाची ट्रेन पकडायची म्हणून घाई झाली. खडे एका वाटीत गोळा करून तिजोरीत ठेवलेत. पुड्यांत उद्या घालते.

२० ऑक्टोबर, सोमवार

मी मूर्ख आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

काल काही लिहवलं नाही. आता शांतपणे लिहिते.

वाटीत नऊ खडे. शेजारी नऊ रिकाम्या पुड्या, नऊ नावं. कुठला कोणाचा, मला माहीत नाही. प्रत्येक खड्याचा फोटो असता तर प्रश्नच नव्हता. पण मी साहरला काय लिहिलं होतं ते आज शोधून वाचलं: खड्यांचे फोटो नकोत, सगळे सारखेच दिसतात, माणसांचे पाठवा. हे माझंच वाक्य आहे.

वजनं आहेत, म्हणून निभावलं. पुडीवरचं वजन आणि इथल्या काट्यावरचं वजन जुळवत गेले, सात खडे सापडले. उरले दोन. पुड्याही दोन, फिंडा १.१२ आणि मुसा १.१२. साहरचा काटा दशांशापुढे दोनच आकडे दाखवतो. इथल्या काट्यावर एक १.११८ आणि दुसरा १.१२१. दोन्ही म्हणजे १.१२च.

आज लक्ष्मीपूजन. एकच पणती लावली. देवीला काय सांगणार?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

तीन दिवस विचार केला. दोन्ही खडे एकाच गावचे, एकाच नदीकाठचे. सर्टिफिकेट दोन्हींना लागू आहे. तयार हिरा कुठल्या खड्ड्यातून आला हे बघून सांगणारं मशीन माझ्या माहितीत तरी नाही. कोणालाही काही कळणार नाही.

दोन्हींतला एक जास्त स्वच्छ आहे, आठ बाजू नीट दिसतात. दुसरा थोडा पिवळट, एका अंगाला बसका. मला आतून वाटतंय, स्वच्छ आहे तो फिंडाचा. तिच्या फोटोत एक क्लॅरिटी आहे ना. मी तो तिच्या पुडीत घातला. संपला विषय.

९ नोव्हेंबर, रविवार

विषय संपलेला नाही. स्वरालीने फिंडाला पत्र लिहिलंय, इंग्लिशमध्ये, हाताने. मला स्कॅन करून पाठवलं, साहरला फॉरवर्ड करायला. तुमच्या हातातली वस्तू माझ्या हातात असेल, असं लिहिलंय. मी अजून फॉरवर्ड केलं नाही. ओजस दोनदा विचारून गेला, "तू ओके आहेस ना?" मी म्हटलं थंडी आहे.

आणि ते दोनशे युरो. खडा मुसाचा असला तर पैसे पण मुसाचे. मुसा फोटोत किती छान हसतोय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज हेर वेंडेलनी फिंडाची पुडी मागितली. खडा कापायच्या आधी ते त्यावर बारीक पेनाने काळी रेघ मारतात, कुठून कापायचा ती. भिंगातून बघत म्हणाले, "सुंदर आहे. हाच ना फ्राउ फिंडाचा?"

ते तिला फ्राउ फिंडा म्हणतात, म्हणजे फिंडाबाई. मी हो म्हटलं.

उद्या सकाळी चक्रावर चढवणार. एकदा कापला की खड्याचं मूळ रूप गेलं. मग कोणालाच, कधीच काही शोधता येणार नाही. मला आनंद व्हायला हवा खरं तर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सांगून टाकलं.

साडेसातला पोचले तेव्हा ते ॲप्रन बांधत होते. मी उभ्याउभ्या सगळं बोलले. रांगोळी म्हणजे काय हेसुद्धा समजवावं लागलं. मला वाटलं चिडतील, काढून टाकतील. त्यांनी चक्राचं बटण बंद केलं, खडा मखमलीवर ठेवला आणि कॉफी ओतली. दोन कप.

"नव्वदच्या दशकात माझ्याकडे जे खडे यायचे," ते म्हणाले, "त्यांच्याबरोबर पण कागद असायचे. कागद अगदी ठीक असायचे. तिकडे लोकांचे हात तोडत होते, टीव्हीवर दिसायचं. संध्याकाळी टीव्ही बघायचो, सकाळी खडा कापायचो. मी कधी विचारलं नाही."

मग त्यांनी कॉफी संपवली. मला वाटलं आजचे एकाहत्तर शब्द संपले.

"सेहेचाळीस वर्षांत खड्याबरोबर माणसाचं नाव तुम्हीच पहिल्यांदा आणलंत. तेव्हा नाव बरोबर असू द्या." आणि पेनाची रेघ स्पिरिटने पुसली. "मला कापायला, बसवायला आठ दिवस लागतात. पाच डिसेंबरपर्यंत थांबतो. आल्झो, शोधा."

आल्झो म्हणजे 'तर मग'. शोधा म्हणजे कसं, ते नाही सांगितलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

लुडविग्सहाफेन. काकूंनी साखरपुड्याच्या साड्या पलंगावर मांडल्या होत्या, त्यात मी जाऊन हे बोलले.

काका म्हणाले, "एवढंच? अगं, दोन सॅम्पलची लेबलं बदलली, मटेरियल तेच आहे. सांगायचंच कशाला?"

"अहो, तुमच्या लॅबमध्ये लेबलं बदलली असती तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतंत," काकू म्हणाल्या.

"तिथे स्फोट होतो, मालू."

स्वराली एका साडीची घडी घालत होती. मला ते बघवेना. म्हटलं, "तू ऑर्डर कॅन्सल कर, मला चालेल. खरंच."

ती जर्मनमध्ये म्हणाली, "फिंडाला विचारलंस?"

"काय विचारू?"

"तिचा कुठला ते."

पाच आठवडे. काटा, सर्टिफिकेट, मशीन, माझं आतलं मन, सगळ्यांना विचारून झालं होतं. मी सांगितलं की ते शक्य नाही, तिने तो किती महिन्यांपूर्वी विकला, कच्चे खडे सगळे सारखेच दिसतात.

"तुला," स्वराली म्हणाली. हा शब्द तिने मराठीत म्हटला.

२३ नोव्हेंबर, रविवार

सगळं जसंच्या तसं लिहून ठेवायचंय.

दुपारी दोनला वर्कशॉपमधून व्हिडिओ कॉल लागला. साहरच्या ऑफिसमध्ये एक टेबल, मागे कॅलेंडर, आणि फिंडा. फोटोत दिसते त्यापेक्षा तरुण आहे. माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी. मुसा पण आला होता, दारात उभा. मी साहरला इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्याने भाषांतर केलं. फिंडा हसायला लागली. पहिल्यांदाच बघितलं तिला हसताना. साहर म्हणाला, "ती विचारतेय, खडे कमळात कशाला ठेवलेस? ते काय फुलं आहेत?"

मी दोन खडे कॅमेऱ्यासमोर धरले. पिक्चर सारखं अडकत होतं. काळ्या मखमलीवर ठेवले, दिवा हलवला, काही उपयोग नाही. फिंडा हाताने नको नको म्हणत होती.

"पाण्यात टाक म्हणतेय. पाण्यात टाक आणि कापड काढ ते."

मी खडे काचेच्या बशीत पाण्यात ठेवले. तरी नेटवर्क तेच. मग फिंडाने कॅमेऱ्यात बघणंच सोडून दिलं. डोळे मिटले, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासलं, आणि बोलायला लागली. साहर एकेक वाक्य देत होता.

"तिचा खडा एका बाजूला बसलाय. बसक्या बाजूच्या कडेला एक खाच आहे. डोळ्याला दिसत नाही. नख फिरव, नखाला लागेल. तीन दिवस तिने तो तोंडात, गालाच्या आत ठेवला होता, वजनाचा काटा येईपर्यंत. जिभेला ती खाच पाठ आहे."

मी स्वच्छ खड्यावर, म्हणजे माझ्या मनातल्या फिंडाच्या खड्यावर, नख फिरवलं. सगळीकडून. गुळगुळीत. मग तो पिवळट घेतला. बसकी बाजू, कड. नख अडकलं.

माझं तोंड बघूनच तिकडे कळलं बहुतेक. फिंडाने टेबलावर थाप मारली. दारातून मुसा म्हणाला की त्याच्या खड्यात आत एक काळा ठिपका असेल, तांदळातल्या किड्यासारखा. भिंगातून बघितलं. आहे. हेर वेंडेलना तो रेघ मारतानाच दिसला असणार, मी कधी विचारलंच नाही.

निघताना फिंडाने एक प्रश्न विचारला. साहर जरा घुटमळला, मग त्याने भाषांतर केलं. "ती विचारतेय, तयार झाल्यावर तिकडे तो केवढ्याला जाईल?"

तेव्हा मात्र नेटवर्क एकदम क्लिअर होतं. तिला आम्ही तीनशे चाळीस डॉलर दिलेत, बाजारापेक्षा बरेच जास्त, पेजवर मोठ्या अक्षरात आहे. अंगठीची किंमत पेजवर नाही. मी सांगितली, दोन हजार आठशे युरो. मग घाईघाईने सोनं, कटिंग, विमा, एकोणीस टक्के टॅक्स, सगळं समजवायला लागले. मी बारा वाक्यं बोलले असेन, साहरने दोनच भाषांतरित केली. फिंडाने ऐकून घेतलं आणि बराच वेळ काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?"

"ठीक आहे म्हणाली," साहर म्हणाला.

मग मी स्वरालीचं पत्र फॉरवर्ड केलं. आता मला लाज वाटत नव्हती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हेर वेंडेलनी फिंडाचा खडा हातात घेतला, नख फिरवलं, भुवया वर. खाच काढून टाकली तर हिरा बराच लहान होईल म्हणाले. पण कारागीर कधीकधी कडेला मूळ खड्याची साल तेवढी राहू देतात, वजन वाचवायला. तयार हिऱ्याच्या सर्टिफिकेटमध्ये तो दोष म्हणून लिहितात, किंमत थोडी उतरते.

स्वरालीला फोन केला. पिवळट आहे, लहान होईल, कडेला दोष राहील, सगळं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "तो दोष ठेवा. प्लीज."

हेर वेंडेल आज काम करताना शिट्टी वाजवत होते.

१३ डिसेंबर, शनिवार

साखरपुडा छान झाला. लुडविग्सहाफेनच्या कम्युनिटी हॉलमध्ये साठ माणसं, योनासची आजी पेढ्याला केक समजून काट्याचमच्याने खात होती.

अंगठी घातल्यावर स्वरालीने हिऱ्याच्या कडेला नख लावलं, हळूच, आणि माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनाच ते करून बघायचं होतं. तिच्या हाताशी रांग लागली. योनासची आई म्हणाली, हो, जाणवतंय. काकू म्हणाल्या, "मला नाही बाई लागत काही. भांडी घासून नखंच राहिली नाहीत." काकांनी चष्मा काढला, लावला, तीनदा नख फिरवलं.

"लॅबमध्ये असं नाही करता येणार," ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही. जिलबी घे."

ओजसने पण नख लावून बघितलं. मग म्हणाला, तुझ्या नखाला कसं लागलं दाखव, आणि माझं बोट जरा जास्तच वेळ बघत बसला. सायंटिस्ट आहे.

२० डिसेंबर, शनिवार

साहरची मेल आली. दोनशे युरो फिंडाला पोचले. जावा-जावांनी मिळून पाण्याचा सेकंडहँड पंप घेतलाय, आता पावसाळ्यात खड्डा भरला तरी काम थांबणार नाही.

पुढच्या सहा खड्यांचे फोटो सोबत आहेत. मी नवीन इन्स्ट्रक्शन्स पाठवायच्या आतच त्यांनी काढले. कोणी छातीशी पुडी धरलेली नाही. प्रत्येकाच्या ओल्या तळहातावर खडा, जवळून, वेगवेगळ्या बाजूंनी चार-चार फोटो. खाली त्याच माणसाने सांगितलेल्या खुणा. फिंडाच्या नव्या खड्याची खूण: एका टोकाला दोन दात, जिभेला टोचतात.

आणि शेवटी एक ओळ. यापुढे पुडीवर वजनाच्या खाली भावही असेल, तो खणणारा ठरवेल. फिंडाने तिचा ठरवलाय, पाचशे दहा डॉलर. तिने मीटिंगमध्ये सगळ्यांना इकडच्या अंगठीची किंमत सांगितली म्हणे. म्हणजे त्या दिवशी ती नुसतं ठीक आहे म्हणाली नव्हती तर.

मी तासभर एक्सेल शीट उघडून बसले. माझं मार्जिन जवळजवळ अर्धं होतंय. मग हेर वेंडेलना फोन केला, शनिवारी त्यांना आवडत नाही तरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिला खड्याबद्दल तुमच्यापेक्षा जास्त कळतं की कमी?"

"जास्त."

"आल्झो," ते म्हणाले आणि ठेवून दिला.

ओजसला मेसेज केलाय की पेज बदलायचं आहे. कमळाचा फोटो काढून टाक, तळहातांचे लाव. आणि दोन्ही किमती शेजारी-शेजारी दिसायला हव्यात, त्यांची आणि माझी, सारख्याच अक्षरात. तो म्हणाला उद्या सकाळच्या पहिल्या बसने येतो. हे तर हायडेलबर्गला बसूनही होईल, असं मी कळवलं. अजून उत्तर नाही.

साहरला उत्तर दिलं. एकच शब्द लिहिला, मंजूर. मग वाटलं तो तर मराठी आहे, म्हणून खाली इंग्लिशमध्ये पण लिहिला.